टोमॅटोसाठी हीटर

थंडी अजून दोन महिने हलणार नव्हती, तरी आमच्या ह्यांनी टोमॅटोचं बी पेरायला घेतलं. जन्मात कधी स्वतःची कपबशी विसळली नाही, पण एकशेवीस कागदी पेल्यांत माती मात्र चाळून भरली. पेल्यांवर जातींची नावं लिहून ते जेवणाच्या टेबलावर मांडले. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो.

एके सकाळी सासूबाई दोन शाली पांघरून स्वयंपाकघरात आल्या. त्यांच्या खोलीतला हीटर ह्यांनी टेबलाखाली आणून लावला होता.

"बी रुजायला ऊब लागते, आई," हे समजुतीच्या सुरात म्हणाले. "तू काय, पांघरूण घेऊ शकतेस."

सासूबाईंनी शाली आणखी घट्ट ओढून घेतल्या. मला मात्र त्या माणसाकडे बघवेना.

आठवड्याभरात कोंब आले. ह्यांनी ऑफिसात सगळ्यांना फोटो पाठवले. आमची मुलगी झाली तेव्हासुद्धा एवढं कौतुक नव्हतं. पण ऊब भरपूर आणि उजेड नाही, त्यामुळे रोपं दोऱ्यासारखी लांबत गेली आणि एका दुपारी सगळी आडवी झाली.

"बीच भिकार निघालं," हे म्हणाले आणि नवी पाकिटं घेऊन आले. तोवर मी हीटर सासूबाईंच्या खोलीत परत नेला होता.

आम्ही दोघी तिथेच शेकत बसलो होतो. ह्यांनी खोलीच्या दारात उभं राहून विचारलं, "मग मी आता हे कुठे पेरू?"

"तुझ्या डोक्यात पेर," सासूबाई म्हणाल्या. "जागा रिकामीच आहे."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दार लोटून घे गं, ऊब बाहेर जातेय."