तेरखेड्याच्या अलीकडं लावलेलं टायमिंग

बेंबळीचे महारुद्र तीस वर्षं डेपोत मेकॅनिक होते. इंजिनाला कान लावून रोग सांगणारा माणूस, असा त्यांचा लौकिक होता आणि तो पसरवायचं बरंचसं काम त्यांनी स्वतःच केलं होतं. त्यामुळं त्यांच्या हर्षालीला बघायला आलेल्या नंदीशनं, म्हणजे धाराशिवला गॅरेज चालवणाऱ्या मुलानं, दारातल्या आज्याच्या वेळच्या पेट्रोल ट्रकचं बॉनेट उघडून "अजून पॉइंटचाच डिस्ट्रिब्युटर? झकास," म्हटलं, तेव्हा ते कौतुक त्यांना टोमण्यासारखं लागलं.

लग्न ठरलं. साखरपुडा तेरखेड्याला, मुलाच्या घरी. महारुद्रांनी पुण्याहून प्लगांना ठिणगी वाटणारा, बिनपॉइंटचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर मागवला, सोबत ठिणगीची वेळ बघायचा टायमिंग लाइटही. मोबाईलवर व्हिडिओ बघत, लाइट मारून, पुलीवरची खूण काट्याला तंतोतंत जुळवली. तरी ट्रक चढाला मरगळायचा, तापायचा आणि सायलेन्सरमधून फाडफाड बार काढायचा.

"जुना काय वाईट व्हता?" त्यांच्या बायकोनं, दैवशालाबाईंनी विचारलं.

"नव्याची सवय व्हायला येळ लागतो," महारुद्र म्हणाले. कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

साखरपुड्याला घरचे जीपनं पुढं गेले. महारुद्र फेटा बांधून ट्रक घेऊन निघाले. येडशीच्या चढावर बार ऐकून माणसं वरात समजून रस्त्याला आली. तेरखेड्याच्या अलीकडं मात्र व्याही गौरीशंकर हात आडवा करून उभे होते. त्यांचा फटाक्यांचा कारखाना होता.

"गाडी इथंच ऱ्हाऊ द्या," ते अदबीनं म्हणाले. "शेडात दारू वाळत घातलीया. तुमच्या सायलेन्सरची ठिणगी पडली, तर साखरपुडा सगळ्या जिल्ह्याला ऐकू जाईल."

ते पाहुण्यांकडं परतले आणि महारुद्रांना घेऊन यायला त्यांनी नंदीशला पाठवलं. तो नव्या कपड्यांतच बॉनेटखाली वाकला.

"मामा, लाइट मारताना व्हॅक्यूमचा पाइप काढला होता का?"

"व्हिडिओत न्हाय काढला."

तो पाइप ठिणगी अलीकडं, म्हणजे वेळेआधी ओढतो. लाइट मारताना तो तसाच ठेवला, तर खूण बरोबर दिसते, पण चढाला ठिणगी पडते उशिरा. नंदीशनं पाइप काढून त्याच्या तोंडात बोल्ट खुपसला. महारुद्रांनी लाइट धरला. डिस्ट्रिब्युटर बोटभर फिरला, पाइप पुन्हा जागेवर गेला आणि बार थांबले.

"म्या तीस वर्षं ह्या ट्रकचं टायमिंग कानानं लावलं," महारुद्र म्हणाले.

"मग आताही लावायचं की."

"तुमास्नी वाटलं असतं, सासरा जुन्या जमान्याचा हाय."

नंदीशनं बाहीवरचं ग्रीस रुमालानं आणखी पसरवलं. "बाबांना सांगू, पेट्रोलमध्ये कचरा होता आणि तो तुम्हीच काढला."

जेवताना गौरीशंकरांनी पेट्रोल गाळून कसं घ्यावं, हे महारुद्रांना दोन पोळ्या संपेपर्यंत समजावलं. महारुद्र मान डोलवत राहिले. मग गौरीशंकर लेकाकडं वळले.

"बघ, मामांनी एकट्यानं गाडी दुरुस्त केली. शीक कायतरी त्यांच्याकडून."

"व्हय बाबा," नंदीश म्हणाला आणि सासऱ्याच्या पानात तूप वाढलं. महारुद्रांनी नको म्हटलं नाही.