जास्तीचा ऑक्सिजन

त्या वॉर्डात रीतच पडली होती. हृदयाचा पेशंट आला की तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. किती, कशाला, कुणी लिहायचं नाही, कुणी विचारायचं नाही. थोरल्या भावालाही तसाच चढवला.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन बघितला, भिंतीवरचा ऑक्सिजन पार कमी केला. "एवढा नको यांना," म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. का नको, हे सांगायला काय तोंड दुखत होतं? कागदावर झाडून सगळी औषधं, गोळ्या लिहिल्या, ऑक्सिजनबद्दल अवाक्षर नाही.

धाकटा भाऊ पेटला. "बघितलंस वहिनी? हवासुद्धा मोजूनमापून देतात!"

"भावोजी, ओरडू नका."

"दादाला धाप लागलीय आणि मी गप्प बसू?"

नुसत्या येरझाऱ्या. पडदा ओढ, उशी सारख, पुन्हा भिंतीकडे बघ. ऑक्सिजन किती सुटतो ते दाखवणारी काचेच्या नळीतली गोळी तळाशी बसलेली त्याला बघवेना. बाईंची पाठ वळताच त्यानं नळीखालची चावी फिरवली. गोळी टुणकन वर.

थोड्या वेळानं थोरल्याची धाप बसली, डोळे मिटले.

"लागला की नाही डोळा? माझं ऐकत जा जरा!"

वहिनीला मात्र चैन पडेना. ती नवऱ्याच्या कानाशी वाकली. "आता तरी बिड्या सुटतील ना?" एवढं म्हटलं की तो गाढ झोपेतूनही गुरकावायचा, "आधी तुझी कटकट थांबव." आज हूं नाही की चूं नाही. गाल थोपटले, खांदा गदागदा हलवला. चेहरा लालबुंद, मान लुळी.

"भावोजी, हे झोपलेले नाहीत! बोलवा कुणाला तरी, पळा!"

डॉक्टरीणबाई धावत आल्या. "कुणी वाढवला?" गोळी खाली आली. श्वास आत ढकलणारं मशीन आलं, घट्ट मास्क बांधला गेला. "बिड्यांनी फुप्फुसं गेलीत यांची. अशा माणसाला ऑक्सिजन जास्त झाला की आतली खराब हवा बाहेर पडत नाही. माणूस गुंगीत जातो, कधी परतही येत नाही."

"मग हे सकाळी का नाही बोललात?" वहिनी कडाडली. "औषध आहे तर औषधासारखं लिहायचं!"

बाईंनी पेन काढून कागदावर गोळ्यांच्याही वर ऑक्सिजन लिहिला.

"मोठ्यानं वाचा," वहिनी म्हणाली. "यांच्या भावाला ऐकू जाऊ दे."

बाईंनी वाचलं. किती द्यायचा, कुठवर, कुणाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

दुपार कलली तेव्हा थोरल्याच्या पापण्या हलल्या. वहिनीनं पुन्हा बिड्यांचं विचारलं. मास्कच्या आत काहीतरी गुरगुरलं. "कटकट" एवढंच कळलं. ती मटकन स्टुलावर बसली.

धाकट्यानं दोन्ही हात काखेत कोंबले होते. डोळे मात्र त्या गोळीवरून हटत नव्हते.