टोकाशी चीर

"बाई, बाहेर या जरा. बदाम आहे," मालकांनी पडदा बाजूला करून सांगितलं.

मी हातातलं काम ठोकळ्यावर तसंच ठेवलं, डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं आणि दुकानात गेले. हार्टच्या आकाराच्या हिऱ्याला आमच्याकडे बदाम म्हणतात. बाकीचे हिरे गिऱ्हाईक आणि मालक मिळून पसंत करतात, माझ्याकडे येतात ते फक्त बसवायला. बदामाचं तसं नाही. त्याचं खालचं टोक म्हणजे नाजूक प्रकरण. हिरा पकडून ठेवणाऱ्या सोन्याच्या नखात ते धरताना दाब जरा जास्त पडला की गेलंच. म्हणून मालकांनी नियम केला आहे : बदाम निवडताना बसवणाऱ्यानं समोर उभं राहायचं, एकेक हिरा भिंगातून बघायचा आणि बसवण्यासारखा आहे की नाही ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं. नंतर एकमेकांवर ढकलाढकली नको. इतकी वर्षं ते काम माझ्याकडेच आहे.

काउंटरसमोर माझी धाकटी बहीण बसली होती.

"ताई!" असं म्हणून ती हसली. असं हसली, जणू कालच आम्ही एका ताटात जेवून उठलो होतो.

मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मालकांना विचारलं, "कुठले दाखवायचेत?"

तिच्या शेजारून एक मुलगी उठली आणि सरळ काउंटरला वळसा घालून माझ्याजवळ आली. "मावशी, ओळखलंस का?"

न ओळखायला काय झालं? हनुवटी थेट माझ्या आईची. शाळेत जायच्या आधी ही पोरगी माझ्या मांडीवर बसून जेवायची, आणि माझ्याशिवाय कुणी घास भरवला तर तोंड घट्ट मिटून घ्यायची. "ओळखलं," मी म्हटलं. "केवढी झालीस गं."

"लग्न ठरलंय माझं. अंगठी तूच करायचीस."

आता आईचं सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, सख्ख्या बहिणीशी बोलताना या बाईची जीभ का जड होते. आमची आई शेवटची काही वर्षं अंथरुणावर होती. गिळता येत नव्हतं. सगळं पातळ करून चमच्याचमच्यानं द्यायचं, एक चमचा आत गेला की दोन बाहेर. मी काम घरी आणायचे, एका हातानं तिचं तोंड पुसायचे आणि परत भिंग लावून बसायचे. धाकटी यायची ती फोनवर. "येते गं ताई, या महिन्यात नक्की." तो महिना कधी उजाडला नाही. आई गेली तेव्हा नुसती काडी राहिली होती. धाकटी धावत आली, आईकडे बघितलं, आणि अख्खी नातेवाईक मंडळी दारात उभी असताना मोठ्यानं ओरडली, "हिनं उपाशी ठेवलं माझ्या आईला! वाळवून मारलं!"

मी काय बोलणार होते? माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आणि गप्प बसलेल्या माणसाला लोक गुन्हेगारच समजतात. त्या दिवसानंतर नात्यातल्या कुणी मला हाक मारली नाही. काकू रस्त्यात दिसली की पलीकडच्या बाजूला जायची. या भाचीलाही माझ्याकडे पाठवणं बंद झालं. ते मला आईच्या जाण्याइतकंच लागलं, खोटं कशाला बोलू?

मालकांनी कापडावर तीन बदाम मांडले. बहिणीनं माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "ताई, हे प्रयोगशाळेतले ना? म्हणजे खोटे तर नव्हेत?"

"खरेच आहेत. जमिनीत सापडले नाहीत, मशीनमध्ये वाढवले, एवढाच फरक."

"मलाच हवाय तसा," भाची म्हणाली. "माझ्या बोटासाठी कुणी डोंगर पोखरायला नको."

"बरं बाई, घे. पण तिकडे सासरी बोलू नकोस. खाणीतलाच आहे म्हणून सांगायचं. कोण बघायला जातंय?"

कोण बघायला जातंय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिचा सगळा संसारच या एका वाक्यावर उभा आहे. आणि आज ही माझ्या दारात का आली, तेही त्याच क्षणी उमगलं. लग्नात व्याही विचारणार, मुलीची एकुलती एक मावशी कुठे आहे? तेव्हा दाखवायला मी हवी होते. माफीबिफीचं नावच नको.

मी भिंग खाली घेतलं. पहिल्या बदामाचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता होता. दुसरा निर्मळ, पण जरा लहानखुरा, नजरेत न भरणारा. तिसरा मात्र देखणा. दोन्ही खांदे सारखे, मधली खाच खोल, चिमट्यात धरून फिरवला की नुसता पेटायचा. आणि त्याच्या टोकाशी आतून चीर होती. केसाहून बारीक. नुसत्या डोळ्याला दिसायची सोय नव्हती, आणि वर सोन्याचं नख आलं की भिंगालाही सापडणार नव्हती. असला हिरा एरवी मी तिथल्या तिथे परत करते. सांभाळून बसवला तर बसतो, पण काही महिन्यांत कधीतरी दाराला, नळाला हात आपटतो आणि टोक उडून जातं.

मला पुढचं सगळं दिसलं. नव्या नवरीच्या अंगठीतला बदाम फुटलाय, सासरचे त्याच्याकडे बघताहेत, चार बायका कुजबुजताहेत, आणि माझी बहीण कुणाकुणाला काय काय सांगत सुटली आहे. तिलाही कळू दे, दारात माणसं जमली की कसं वाटतं.

"मावशी, तुला कुठला आवडला?" भाचीनं विचारलं.

"हा," मी म्हटलं आणि तिसऱ्यावर चिमटा टेकवला.

"मलापण तोच!" ती टाळी वाजवून म्हणाली.

"ताई म्हणते म्हणजे प्रश्नच मिटला," बहीण म्हणाली.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. "बसवायला ठीक आहे ना, बाई?"

"ठीक आहे," मी म्हटलं.

आत माझ्या शेजारच्या पाटावर एक म्हातारा कारागीर बसतो. सगळे त्याला आबा म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी बदाम घडीव अंगठीवर ठेवून बघत होते तेव्हा त्यानं सवयीनं भिंग लावून डोकावलं आणि मागे सरकला. "अगं, टोकाला चीर आहे की."

"दिसतंय मला."

"मग?"

"मग काय? गिऱ्हाइकाची पसंती."

 आबा स्वतःशीच काहीतरी पुटपुटला आणि त्यानं कानस हातात घेतली. मी तो हिरा असा बसवला की आयुष्यात दुसरा तसा बसवला नसेन. श्वास रोखून. टोकावर नख वळवताना माझा हात जराही हलला नाही, आणि मला हसू येत होतं. आयुष्यभर चांगलं काम करून कुणी शाबास म्हटलं नाही, आणि आज वाईट काम काय झकास जमलं होतं!

अंगठी न्यायला तिघी आल्या. बहीण, भाची आणि भाचीची होणारी सासू. विहीणबाई शांत वाटल्या. खुर्चीवर बसून त्यांनी दुकानभर नजर फिरवली आणि मला बघून नमस्कार केला. "या तुमच्या घरातल्या का? चेहरेपट्टी मिळते."

"अहो, ही माझी ताई," बहिणीनं माझ्या खांद्यावर हात टाकला. "आईच्या माघारी हीच आमची आई. आईचंही हिनंच केलं हो, जिवापाड. मी दूर होते ना, पण आम्ही दोघींनी मिळून काही कमी पडू दिलं नाही तिला."

दोघींनी मिळून!

मी तिचा हात खांद्यावरून खाली काढला. अंगठी डबीत होती, डबी माझ्या मुठीत. मनातून मी ठरवलं होतं की गप्प राहायचं, महिने जाऊ द्यायचे, आपोआप फुटेल. पण तेवढा धीर कुठून आणायचा? इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"ही अंगठी देण्याआधी एक सांगते," मी म्हटलं. "या हिऱ्याच्या टोकाला चीर आहे. टिकणार नाही. मी ते बघूनच निवडलाय."

"बाई!" मालक उभेच राहिले.

"बदलून देते. माझ्या खर्चानं देते. पण आधी हिनं सांगायचं, आई गेली त्या दिवशी दारात उभी राहून ही काय बोलली होती. या बाईंच्या समोर सांगायचं."

"ताई, इथे नको गं," बहीण घाईनं म्हणाली. "आपण घरी बोलू."

"तू दारात बोललीस. मी दुकानात ऐकणार."

भाची आईकडे वळली. "आई, तू मला सांगितलं होतंस की मावशीनं आजीला जेवायला दिलं नाही. आणि आत्ता म्हणतेस, जिवापाड केलं. खरं काय?"

बहिणीनं विहीणबाईंकडे बघितलं, मग मुलीकडे. पदराशी चाळा करत राहिली. मला वाटलं, आता ही रडेल, चक्कर आल्याचं नाटक करेल, काहीही करेल. पण तिनं तसलं काही केलं नाही.

"खोटं बोलले मी," ती म्हणाली. आवाज एवढासा झाला होता. "तिनंच केलं सगळं. आई गिळूच शकत नव्हती. मला फोनवर कळत होतं. पण मी एकदाही आले नव्हते. दारात एवढी माणसं, आणि प्रत्येकजण मला विचारणार होता, तू कुठे होतीस? कुणी विचारायच्या आत मी हिच्या नावानं ओरडले."

 विहीणबाईंनी मान खाली घातली.

कसं वाटलं म्हणून विचाराल तर सांगते. बरं वाटलं. फार फार बरं वाटलं. पायातलं काटेरी काहीतरी निघाल्यासारखं हलकं वाटलं, आणि मला तिची दयाबिया मुळीच आली नाही. पदरानं डोळे टिपत होती, टिपू दे म्हटलं. मी माझ्या उशीवर किती टिपले ते कुणी बघितलं होतं?

मग भाचीनं माझ्या हातातून डबी घेतली. उघडून हिरा उजेडात धरला. किती सुंदर दिसत होता मेला.

"मावशी, ही चीर तुला त्या दिवशीच दिसली होती?"

"हो."

"मी विचारलं तेव्हा? कुठला आवडला म्हणून?"

 हे उत्तर मी तयार ठेवलं नव्हतं. सगळं गणित मी बहिणीचं मांडलं होतं, आणि अंगठी होती हिच्या बोटातली. "हो," मी म्हटलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर मी भांडले असते, समजूत काढली असती, पाय धरले असते. तिनं फक्त डबी बंद करून मालकांपुढे ठेवली. "तो दुसरा लहान होता ना, निर्मळ? तो द्या," ती म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता, अगदी सभ्य आवाजात विचारलं, "दुसऱ्या कुणी बसवून दिला तर चालेल का?"

मालकांनी आत हाक मारली. "आबा!"

आबा बाहेर आला, अंगठी आणि हिरा घेऊन पडद्याआड गेला. मीही त्याच्यामागे आत गेले, जाणार कुठे? बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. विहीणबाई काहीतरी समजुतीचं बोलत होत्या, कुणाशी ते कळलं नाही.

आबानं जुना हिरा उचकटून काढला आणि नवा चिमट्यात धरून बसून राहिला. त्यानं आजवर एकही बदाम बसवला नव्हता. 

"टोकाला आधी हात लावू नकोस," मी म्हटलं. "पहिल्यांदा दोन्ही खांदे धर. मग खाच. टोक सगळ्यात शेवटी, आणि नख नुसतं टेकव, दाबू नकोस."

"इथे बसून बघतेस का?"

"नको. तिनं नाही म्हटलंय," मी म्हटलं, दिवा त्याच्या बाजूला वळवला आणि ॲप्रन काढून खुंटीला अडकवला.