आजार पिणारा भोपळा

सकाळचे आठही वाजले नव्हते, तरी बंद पडलेल्या गोदामाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध लोखंडी वजनकाटा, त्यावर गवताची गादी आणि गादीवर निळी गवसणी घातलेला भोपळा. लहान मूल आत लपेल एवढा मोठा.

"काल किती होता?" भोपळेमहाराजांनी विचारलं.

"एकशे सेहेचाळीस!" गर्दी ओरडली.

काट्यावरच्या चेल्याने आकडा वाचला. "एकशे पन्नास!"

"वेलीवरून तोडून दहा दिवस झाले," महाराज हात उंचावून म्हणाले. "तोडलेलं फळ वाढतं का कधी? मग हे चार किलो कुणाचे? तुमच्या गुडघ्यांचे! तुमच्या दम्याचे! तुमच्या मूतखड्यांचे! हात ठेवा, आजार ठेवा, घरी जा. पण औषध घेतलंत तर आजार आतच चिकटून बसेल, मग माझ्याकडे रडत येऊ नका."

एका बाईंचा गुडघा तिथल्या तिथे बरा झाला. घरी जायला त्यांना रिक्षा करावी लागली, पण तेवढं कुणी मनावर घेतलं नाही.

पहिल्या रांगेत शिंपी उभा होता. भोपळ्याची गवसणी त्यानेच शिवली होती, फुकट. त्याच्या बायकोला बारा वर्षं मधुमेह होता, रोज दोन इंजेक्शनं लागत. यंदा त्याने आयुष्यात पहिल्यांदाच दुकानामागच्या जागेत राक्षसी भोपळ्याचं बी लावलं होतं. बी दिलं होतं शाळेतल्या बाईंनी. वेल झपाट्याने पसरली, पानं ताटाएवढी झाली. मग उन्हाळा चढला आणि लिंबाएवढी फळं पिवळी पडून गळू लागली. महाराजांच्या कानावर हे गेलं आणि त्यांना आयताच धागा सापडला.

"ती वेल म्हणजे तुझी बायकोच. वेलीने फळ धरलं की तिची साखर उतरली. इंजेक्शनं बंद कर. रोज भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, तिने फुलाला हात लावायचा."

दहा दिवस ती बिचारी उन्हात लंगडत वेलीपर्यंत जात होती. पायाला झालेली जखम चिघळत होती. फळं गळतच होती.

"म्हणजे ती काहीतरी पाप लपवते आहे," महाराज म्हणाले.

झालं! शिंपी रोज खाटेपाशी बसून विचारू लागला, "सांग, काय लपवलंस?"

"अहो, चाळीस वर्षं दोन खोल्यांत राहतोय आपण. लपवायला जागा तरी आहे का?"

"थट्टा नको. आठव."

इंजेक्शनं बंद केल्याच्या विसाव्या दिवशी तिला बसवत नव्हतं, की त्याचा आवाजही सोसवत नव्हता. भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "तुमच्या आईंची पाटली. मीच विकली होती." शिंपी तडक उठला आणि ही बातमी महाराजांना देऊन आला.

संध्याकाळी शाळेतल्या बाई शिवायला टाकलेले पडदे न्यायला आल्या. वेल बघून आणि महाराजांचा दुपारचा उपाय ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, दुपारी काय करता? फूल पहाटे उघडतं आणि नऊच्या आत मिटतं. उन्हात पराग वाया जातात. पहाटे नरफूल तोडून मादीफुलात फिरवा, वर पोत्याची सावली करा. वेलीला पाप कळत नाही आणि पुण्यही. आणि काकूंचा पाय काळा पडतोय! आजच दवाखान्यात न्या."

"तुम्ही शाळेत शिकवा, बाई," शिंपी म्हणाला. "इथे नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी भोपळा एकशे छप्पन्न किलो भरला. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. महाराजांनी शिंप्याला बोलावलं, "गवसणीची शिवण जरा बघ रे."

शिंप्याने सवयीने गवसणीत बोटं घातली आणि तो थबकला. भोपळा एकशे दहा किलोचा असताना त्याने माप घेतलं होतं. घेर ब्याण्णव इंच, सैलपणा अर्धा इंच. आजही सैलपणा तेवढाच! चाळीस वर्षं तो माणसांची मापं घेत होता. चार किलो वाढलेलं गिऱ्हाईक पँट घेऊन परत येतं. इथे सेहेचाळीस किलो वाढले आणि शिवणीला ताण नाही?

"महाराज," तो म्हणाला, "हा जाड झालेला नाही. नुसता जड झालाय."

"ह्याची बायको चोर आहे!" महाराज गर्दीकडे वळून कडाडले. "सासूची पाटली खाल्ली तिने! म्हणून हा भ्रमिष्टासारखा बोलतोय."

सगळे हसले. "आधी घरातली चोरी माप!" कुणीतरी ओरडलं. शिंप्याच्या कानशिलांना चटका बसला. त्याने सगळं बळ एकवटून भोपळ्याला धक्का दिला. आतून आवाज आला, डुबुक.

"आजार हलतोय!" महाराज म्हणाले आणि लोकांनी पुन्हा हात जोडले.

काल पाय बघून गेल्यापासून बाईंना चैन नव्हतं. त्या शिंप्यालाच शोधत आल्या होत्या. त्या पुढे झाल्या. देठापाशी बोट फिरवलं, तर बोटाला पिवळं मेण लागलं. उन्हाने ते लोण्यासारखं मऊ झालं होतं. "धरा, काका." दोघांनी भोपळा कलता केला. बूच सुटलं आणि पाण्याची धार अंगणात कोसळली.

मुलांनो, मोठा भोपळा आतून पोकळ असतो. देठाजवळ भोक पाडायचं, नळी घालून रोज थोडं पाणी भरायचं, मेणाने बुजवायचं. वजन वाढतं, घेर तेवढाच राहतो. चमत्कार म्हणतात तो एवढाच.

पण गर्दीने काय करावं? "आजार वितळला!" म्हणून महाराज ओरडले आणि लोक बाटल्या भरू लागले! एका आजोबांनी तर घोटही घेतला.

बाईंनी पेला भरून महाराजांपुढे धरला. "तुम्ही आधी."

पाणी दहा दिवसांचं, हिरवट, सडक्या गराचा वास येणारं. महाराजांनी तोंड फिरवलं. तेव्हा कुठे आजोबा बाजूला जाऊन ओकले आणि लोकांच्या बाटल्या एकेक करून रिकाम्या झाल्या. महाराज त्या गडबडीत मागच्या फाटकातून पसार झाले.

शिंपी घराकडे धावला. बायको हाकेला ओ देत नव्हती. दवाखान्यात जीव वाचला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दोन दिवस आधी आणलं असतं तर बोटांवर भागलं असतं, डॉक्टरांनी सांगितलं.

शुद्धीवर आल्यावर तिने शिंप्याला जवळ बोलावलं. मग म्हणाली, "पाटली मी विकली नव्हती. तुम्ही थांबावं म्हणून म्हटलं."

शिंपी मान खाली घालून रडू लागला.

"मला दहा दिवस रोज विचारत होतात," ती म्हणाली. "त्याला एकदा विचारलं असतंत तर?"

मुलांनो, उपाय फसला की जो रोग्याचं पाप शोधतो, त्यालाच तुम्ही विचारा, ‘तू काय लपवलंस?’ चारचौघांत विचारा. आणि इंजेक्शन चुकवू नका.