पाचशे शब्दांतला भाऊ

थोरलीला बिझनेस स्कूलला जायचं होतं. प्रवेश परीक्षेत गुण चांगले पडले होते आणि अनुभवही गाठीशी होता. वडिलांना हृदयविकाराचा झटका आल्यापासून घरची लाँड्री तीच चालवत होती. खाली मशिनं, वर घर. दोन हॉटेलांच्या चादरी, टॉवेल आणि उशांचे अभ्रे रोज मळके यायचे आणि रोज कडक इस्त्री होऊन परत जायचे. या कामाला ती कधी घाबरली नाही. तिची झोप उडवली ती तीन कॉलेजांच्या सामायिक अर्जातल्या एका प्रश्नाने: ‘तुमच्यातलं नेतृत्व घडवणारा एक प्रसंग सांगा. मर्यादा पाचशे शब्द.’

असे निबंध तपासून देणाऱ्या एका बाईंचं मार्गदर्शन तिने घेतलं होतं. बाई व्हिडिओ कॉलवर यायच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायच्या आणि खर्डा मोठ्याने वाचायच्या.

“‘मला लहानपणापासून आव्हानं आवडतात.’ अहो, अर्ज करणाऱ्यांत आव्हानं न आवडणारा माणूस मला अजून भेटायचाय. यात तुम्ही कुठे आहात? घरात काहीतरी घडलं असेल ना?”

घडलं होतं. धाकटा भाऊ इंजिनियरिंग अर्ध्यावर सोडून घरी आला होता आणि खोलीचं दार लावून बसला होता. जवळजवळ वर्षभर. का, ते कुणाला कळलं नाही. आईने विचारलं, बाबांनी आवाज चढवून विचारलं, मग दोघंही विचारायचे थांबले. थोरली ताट दाराबाहेर ठेवायची आणि जिन्याच्या पायरीवर बसून दाराशी बोलायची. हॉटेलवाले काय म्हणाले, कुठल्या मशीनने दगा दिला, असलंच काहीतरी. मग एक दिवस ती हॉटेलवरून परतली तर धाकटा खाली मशीनपाशी उभा होता, हाताला ग्रीस लागलेलं. त्या दिवसापासून तो लाँड्रीत काम करू लागला. घरात त्यावर पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही. उगाच बोलायला जावं आणि दार पुन्हा बंद व्हायचं.

हे सगळं तिने एका बैठकीत लिहून काढलं. बाई वाचताना मध्येच थांबल्या.

“हेच! हेच हवं होतं. ती दाराबाहेरची ताटं राहू द्या, तशीच भरलेली परत आलेली. पण हे काय, ‘एक दिवस तो बाहेर आला’? आला कसा? तुम्ही बाहेर काढलंत ना?”

“मी बोलत होते त्याच्याशी. रोज.”

“मग तसं लिहा ना! निबंध तुमचा, प्रवेश तुम्हाला हवाय. इतका संकोच करून चालत नाही.”

तिने लिहिलं: ‘मी माझ्या भावाला त्या खोलीतून बाहेर काढलं आणि व्यवसायात उभं केलं.’ वाक्य छान बसलं. पण धाकटा जिना चढताना ऐकू आला की ती लॅपटॉप मिटायची. त्याला विचारायला हवं, हे तिला कळत होतं. आज नको, उद्या विचारू, असं करत अर्जाच्या मुदतीचा आदला दिवस उजाडला.

अर्जाला एक शिफारसपत्रही लागत होतं. ते मोठ्या हॉटेलच्या हाउसकीपिंगच्या मॅडम देणार होत्या. निबंध आणि पत्र एकमेकांना धरून असावं, म्हणून बाईंच्या सांगण्यावरून तिने मॅडमना निबंध पाठवून दिला होता. नेमका त्या दिवशी गाडीचा ड्रायव्हर आला नाही, आणि हॉटेलवर माल घेऊन धाकटाच गेला.

दुपारी तो परत आला. मळक्या चादरींचे गठ्ठे त्याने एकट्यानेच उतरवले. थोरली टॉवेल मोजत होती. तो समोर येऊन उभा राहिला.

“ताई, मॅडमनी आज माझा हात धरला.”

“का?”

“म्हणाल्या, ‘अरे, आता बरं वाटतं ना तुला? तुझ्या बहिणीचं लिहिणं वाचून मला रडू आलं.’ तिथे चार माणसं उभी होती.”

थोरलीच्या हातातले टॉवेल तसेच राहिले. मोजणी कुठवर आली होती ते डोक्यातून साफ पुसलं गेलं.

“मी सांगणारच होते तुला.”

“दाखव.”

लाँड्रीच्या कोपऱ्यात काचेची एक केबिन होती. तिथे खुर्ची एकच. धाकटा त्या खुर्चीवर बसून वाचू लागला आणि ती दाराला टेकून उभी राहिली. काचेपलीकडे इस्त्रीवाला चादरीचं टोक धरून ओढत होता, वाफ सुटत होती. पाचशे शब्द वाचायला कितीसा वेळ लागतो? पण तो एकेका ओळीवर थांबत होता. त्याचे ओठ हलत होते. आता हा उठेल, वर जाईल आणि दार लावून घेईल, असं तिला वाटलं. त्या वर्षातली आई आठवली, नुसती दाराकडे बघत बसलेली. एवढ्याशा निबंधापायी आपण हे काय करून बसलो?

धाकट्याने वाचून संपवलं. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“चांगलं लिहिलंयस,” तो म्हणाला. “पण हे असं नव्हतं.”

“म्हणजे?”

“तू मला बाहेर नाही काढलंस.”

“मी रोज बोलायचे तुझ्याशी...”

“बोलायचीस. चादरींबद्दल. मला आवडायचं ते, खरंच. नसतीस बोलली तर काय झालं असतं, माहीत नाही. पण मी बाहेर आलो तो ड्रायरमुळे.”

“ड्रायरमुळे?”

“माझ्या खोलीच्या बरोब्बर खाली आहे तो. त्याची बेअरिंग गेली होती. खर्र-ठक, खर्र-ठक, दिवसभर. मला वाटलं, कुणीतरी बघेल. कुणी बघेचना! तू त्या आवाजाच्या वर ओरडून ओरडून फोनवर बोलायचीस, पण तो तुला ऐकूच येईना. शेवटी माझं डोकं फिरलं. तू हॉटेलवर गेलीस तसा खाली आलो आणि ड्रम उघडून बसलो.”

थोरलीला एकदम हसू फुटलं, आणि त्याच दमात रडूही. धाकटाही ओशाळं हसला.

“एवढ्यासाठी?” ती म्हणाली. “आम्ही सगळे जिवाचं रान करत होतो, आणि तू आवाजाला वैतागून बाहेर आलास?”

“मग काय! बाहेर आल्यावर कळलं, की यायला जमतं.”

मग त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

“पाठवायचं तर पाठव. तुझं नुकसान नको व्हायला. पण ताटांचं वाचून मला कसंतरी झालं. ते घरातलं होतं गं.”

“नाही पाठवत.”

“उद्या मुदत आहे ना? मग काय लिहिणार?”

“माहीत नाही.” हे खरंच होतं.

तो दारापर्यंत गेला आणि वळला. “ड्रायरचं लिही हवं तर. त्यात मी असलो तरी चालेल. खोलीतला नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती केबिनमध्ये बसली. लिहायची आणि खोडायची. मध्येच छोट्या हॉटेलातून अभ्रे कमी आल्याचा फोन आला, मध्येच बाबा डोकावून “झालं का?” विचारून गेले. शेवटी तिने सरळ लिहिलं की लाँड्री आपण चालवतो असं तिला वाटत होतं, आणि तिच्या पायाशी एक मशीन मोडत आलं होतं. तिला वाटायचं, रोजचं काम उरकणं म्हणजेच लाँड्री चालवणं. ज्याला कुणी काही विचारत नव्हतं, त्याच्या कानांनी त्या मशीनचं मोडणं ओळखलं. त्यानंतर ती रोज सकाळी फोन बाजूला ठेवून मशिनांमधून एक फेरी मारू लागली, असंही तिने लिहिलं. मग ते खरं नाही हे लक्षात आलं आणि तिने ते वाक्य खोडलं. ‘मी आता विचारायला शिकते आहे, आणि अजून नीट येत नाही,’ एवढंच ठेवलं.

बाईंनी वाचून उसासा टाकला. “प्रामाणिक आहे. पण पहिलं जोरदार होतं. डोळ्यांत पाणी आणणारं. ऐका माझं, तेच पाठवा.”

“ते माझं नव्हतं, बाई.”

“बघा बुवा. जबाबदारी तुमची.”

मॅडमना फोन करून तिने जुना निबंध काढून टाकायला आणि पत्रात भावाचा उल्लेख न करायला सांगितलं, आणि मुदत संपायच्या जरा आधी अर्ज पाठवला. बटण दाबल्यावर हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. उलट ती दिवसातून दहादा मेल उघडून बघायची. एका कॉलेजचा नकार आला, मग दुसऱ्याचाही. पहिलाच निबंध पाठवला असता तर? हा विचार आला की तिला स्वतःची लाज वाटायची, आणि तरी तो यायचा.

तिसऱ्या कॉलेजने मुलाखतीला बोलावलं. समोर एक वयस्क प्राध्यापक होते.

“तुम्ही इकडे आलात, तर तिकडे मशिनांचे आवाज कोण ऐकणार?”

“भाऊ.”

“त्याला विचारलंत?”

“विचारलं. तो हो म्हणाला. पण त्याला भीती वाटते, आणि मलाही वाटते.”

प्राध्यापकांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. चांगलं की वाईट, ते काही तिला कळलं नाही.

प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा ती गाडीत गठ्ठे चढवत होती. तिने मेल दोनदा वाचला आणि धाकट्याकडे बघितलं.

“मिळाला?”

“मिळाला.”

तो गठ्ठ्यावरच बसला. हसला, मग गंभीर झाला. “म्हणजे हॉटेलवाल्यांशी आता मला बोलावं लागणार.”

“जमेल तुला?”

“नाही जमलं तर फोन करीन.”

“नक्की करशील? दार लावून नाही ना बसणार?”

हे ती त्याला पहिल्यांदाच इतकं स्पष्ट विचारत होती.

“वाटलं तसं, तर आधी तुला सांगीन,” तो म्हणाला. “पण तू विचारत राहा.”

ती त्याच्या शेजारी गठ्ठ्यावर बसली. हॉटेलला माल द्यायला उशीर होत होता, तरी दोघं जरा वेळ तिथेच बसून राहिली.