लाल स्क्रू आणि डझनभर स्टिकर

मी एक जुनी झेरॉक्स मशीन आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, माझं डोकं तापलेलं आहे. गोडगोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर खुशाल उठा. मला राग आलाय. तोही कुणा परक्याचा नाही. ज्यानं मला वर्षानुवर्षं तळहातावरच्या फोडासारखं जपलं, त्याचाच.

कारखान्यातून मी थेट एका कचेरीत आले. मला बसवायला आलेल्या फिटरनं माझ्या पोटातला एक लाल स्क्रू काढला. माझ्या काचेखाली एक दिवा आहे. प्रत काढताना तो रुळावरच्या गाडीसारखा या टोकापासून त्या टोकाला जातो. मशीन हलवायची झाली की आधी ही गाडी त्या लाल स्क्रूनं आवळून टाकायची, नाहीतर ती आपटून मोडते. फिटरनं स्क्रू प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी माझ्या पाठीला चिकटपट्टीनं लावली आणि सगळ्यांना बजावून सांगितलं. पण ऐकतंय कोण? अख्खी कचेरी माझ्या काचेवर पंजे ठेवून स्वतःच्या हाताच्या प्रती काढण्यात दंग होती.

माझं काम ज्याच्याकडे आलं, त्याला सगळे टापटीपराव म्हणत. नाव सार्थ होतं. टाचण्यासुद्धा एका दिशेला तोंड करून ठेवायचा. माझ्यावर कुणी चहाचा कप ठेवला तर अंगावर धावून जायचा. "ती काय टेबल आहे तुमचं?" म्हणायचा. रोज सकाळी मऊ फडक्यानं माझी काच पुसायचा, कागद अडकला तर कधी हिसका द्यायचा नाही. आमच्या प्रती पाहून मोठे साहेब म्हणायचे, "यातला मूळ कागद कुठला रे?" तेव्हा हा असा फुलायचा, की जणू शाईऐवजी स्वतःचं रक्त ओतलंय!

मग नवी मशीन आली. मला बोळात ढकललं. ज्या लोकांची कामं मी दिवसरात्र उपसली, त्यांनीच माझ्यावर ओल्या छत्र्या वाळत घातल्या. शेवटी भंगारवाला आला, तेव्हा टापटीपराव साहेबांच्या दारात ठाण मांडून बसला. "मला द्या. माझ्या ताईला पाठवतो," म्हणाला. साहेब हसले, पण त्यांनी मला देऊन टाकलं.

ही ताई समुद्रापलीकडच्या देशात राहायची. एका मोठ्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची, वाफेनं मनगटं पोळून घ्यायची. नवऱ्याच्या माघारी सासूला तीच सांभाळत होती. कॉलेजच्या फाटकासमोर तिला एक खोली मिळाली होती आणि तिथं झेरॉक्सचं दुकान टाकायचं तिच्या मनात होतं. भावानं फोनवर छातीठोकपणे सांगितलं, "ताई, तू नोकरी सोड. मशीन मी पाठवतो, एकदम फर्स्ट क्लास!" तिनं भावाच्या शब्दावर नोकरी सोडली. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझ्या रागाचं मूळ तिथंच आहे.

जहाजानं माल पाठवणाऱ्यांच्या गोदामात तो मला स्वतः घेऊन गेला. तिथं परदेशातल्या कुठल्याशा कचेरीसाठी टेबलं, फिरत्या खुर्च्या, कपाटं, कागदाचे खोके असा ढीग पडला होता. त्याच कंटेनरमध्ये मलाही जागा मिळाली होती. टापटीपरावानं बाह्या सरसावल्या. मला पुसलं, घासलं, चाकांतले केससुद्धा चिमट्यानं काढले. आणि मग त्याला माझ्या पाठीवरची पिशवी दिसली. पिवळी पडलेली, धूळ बसलेली, एका कोपऱ्यातून लोंबणारी.

"शी! ताई काय म्हणेल!" असं म्हणून त्यानं ती टर्रकन ओढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

अरे शहाण्या! उघडून तरी बघ! कुणाला विचार तरी! शेजारी पॅकिंगवाला उभा होता. त्यानं आपणहून विचारलं, "आत काही आवळायचं-बिवळायचं आहे का हो?" तर हा म्हणतो कसा, "माझ्याइतकी ही मशीन कुणाला माहीत आहे? सगळं केलंय मी." आणि पिशवी काढून जी स्वच्छ जागा मोकळी झाली, नेमकी तिथंच त्यानं पहिला स्टिकर चिकटवला: 'नाजूक वस्तू. सांभाळून उचला.' मग दुसरा. मग तिसरा. डझनभर स्टिकर लावून मला पार वरातीच्या घोड्यासारखं सजवलं. वर शाईच्या पुडीचा नवाकोरा डबा माझ्या पोटात भरून ठेवला. का, तर ताईला आल्या-आल्या काम सुरू करता यावं! प्रवासात तो डबा काढून वेगळा बांधायचा असतो, हे माझ्या पोटाच्या झाकणावर ठळक अक्षरांत छापलंय. पण वाचायला ते झाकण दिसायला तरी हवं ना. त्यावरही स्टिकर होता.

मित्रांनो, समुद्र मी पाहिलाच नाही. लोखंडी पेटीत दिवसा भट्टी पेटायची आणि रात्री छतावरून घामासारखं पाणी टपकायचं. जहाज डावीकडे कललं की माझ्या पोटातली गाडी डावीकडे, धाड! उजवीकडे कललं की उजवीकडे, धाड! शेजारच्या खुर्च्यांची चाकं काढून पायांना बांधलेली, कपाटांचे खण दोरीनं आवळलेले. ती सगळी खुशाल झोपली होती. मी मात्र रोज थोडी थोडी मोडत होते. एका वादळात गाडीची तार तुटली आणि काचेला तडा गेला. पलीकडच्या बंदरावर हमालांनी मला आडवं केलं, ते बरोबर 'सांभाळून उचला'वर. शाईचा डबा आतल्या आत फुटला. त्यांच्यावरही माझा राग आहे, पण त्यांनी मला कधी आपली म्हटलं नव्हतं.

ताईनं खोली चुन्यानं रंगवून ठेवली होती. दारावर पाटी होती: 'येथे झेरॉक्स काढून मिळेल.' तिनं मोठ्या हौसेनं माझं झाकण उघडलं आणि काळ्या पुडीचा लोट तिच्या तोंडावर आला. सासूबाई दारातूनच ओरडल्या, "अगं बाई! भावानं मशीन पाठवली की कोळशाची वखार?"

ताईनं तशाच काळ्या तोंडानं भावाला फोन लावला. "बाळ्या, आत काहीतरी खुळखुळतंय रे."

"काही नाही गं ताई, प्रवासात होतं थोडंफार. मी डझनभर स्टिकर लावलेत!"

"दिसतायत. त्यांचीच प्रत काढून विकू का?"

दुसऱ्या दिवशी तिथली मेकॅनिक बाई आली. तिनं मला उघडलं, साफ केलं, बॅटरी मारून आत पाहिलं आणि एकच विचारलं, "गाडीचा लाल स्क्रू आवळला होता का?" ताईनं तोच प्रश्न फोनवर विचारला.

"पिशवीतला?" तो म्हणाला. "तो... मला वाटलं कचरा आहे."

"मी नोकरी सोडलीय, बाळ्या," ताई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तरी ओरडले असते.

माझ्या गाडीचा सुटा भाग आता कुठंच बनत नाही. पण मेकॅनिक बाईनं वायर जोडून पाहिली, तर कॉम्प्युटरवरून पाठवलेलं मी अजून छापत होते, त्याला गाडी लागत नाही. म्हणजे मी अर्धी जिवंत होते. ताईनं पाटीवरचं 'झेरॉक्स' खोडून 'प्रिंट' लिहिलं. मुलं पुस्तकं घेऊन येतात, "एवढं पान काढून द्या ना मावशी," म्हणतात. ती "नाही निघत रे" म्हणते आणि ती मुलं पुढच्या दुकानात जातात. म्हणून ताई सकाळी पुन्हा धोबीखान्यात जाते, अर्धा दिवस. दुपारी पोळलेल्या मनगटांनी माझ्यात कागद भरते.

काही आठवड्यांनी एक पार्सल आलं. कापसात, कापडात, पुठ्ठ्यात गुंडाळलेलं. आत एक लाल स्क्रू. टापटीपरावानं कुठल्या कुठल्या भंगारातून शोधून पाठवला होता. आणि त्या इवल्याशा पोलादी स्क्रूच्या खोक्यावर स्टिकर होता, 'नाजूक वस्तू.'

ताई त्या स्टिकरकडे बघत राहिली. मग हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "काय करू मी या गाढवाचं?" म्हणाली. गाडी मोडलेली, आता आवळायचं काय? तरी तिनं स्क्रू नव्या पिशवीत घातला, माझ्या पाठीवरचा तो पहिला स्टिकर नखानं खरवडून काढला आणि पिशवी तिथं लावली. सासूबाई म्हणाल्या, "पुसताना काढू का गं ती?" ताई म्हणाली, "आधी मला विचारा."

एवढंच, मित्रांनो. तसेच तीन शब्द त्यानं गोदामात त्या पॅकिंगवाल्याला विचारले असते, "ही पिशवी कसली?", तर आज मी पूर्ण मशीन असते आणि ताईची मनगटं बरी झाली असती. तुम्हीही आपल्या वस्तूंवर माया करा, पुसा, सजवा, मी नाही म्हणत नाही. पण जे कळत नाही ते फेकण्याआधी विचारा. मला टाकून देणाऱ्यांनी माझं काही मोडलं नाही हो. मला मोडलं ते जीव लावणाऱ्यानं, आणि म्हणूनच माझा राग जात नाही.