शेजारची खिडकी

मावशीकडे सोमवारी भरदुपारी चोरी झाली. ती कामावर असताना चोर मागच्या खिडकीने आत शिरला आणि कपाट साफ करून गेला. त्याच आठवड्यात मला गुन्हेशास्त्राच्या प्रकल्पाचा विषय द्यायचा होता. मी लिहिलं : घरफोड्या.

कॉलेजच्या ग्रंथालयात डेटाबेसवर तेवढाच शब्द टाकला, तर चाळीस हजार लेख अंगावर आले. ग्रंथपालबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, हे वाचता वाचता म्हातारी होशील. तुला नेमकं काय हवंय?"

"मावशी म्हणते, चोर काही परत येत नाही. खरंच येत नाही?"

"मग तेच विचार की डेटाबेसला. 'घरफोडी' आणि 'पुन्हा', दोन्ही शब्द जोडून टाक."

तेवीस लेख उरले. पहिल्याच्या सारांशात होतं : एकदा फुटलेलं घर काही आठवड्यांत पुन्हा फुटण्याचा धोका बराच जास्त. मी लगेच मावशीला फोन लावला.

"चोराचा काय रुमाल राहिलाय इथे?" मावशी फोनवर हसली. पण मी पिच्छा सोडला नाही, तेव्हा कुठे तिने सुतार बोलावून खिडकीला नवी कडी आणि आडवी पट्टी बसवून घेतली.

पूर्ण लेख आमच्याकडे नव्हता. बाईंनी तो दुसऱ्या ग्रंथालयातून मागवला. पुढच्या मंगळवारी दुपारी तो आला. नवव्या पानावर मी थबकले. धोका त्या एकाच घराला नसतो, शेजारच्या तशाच बांधणीच्या घरांनाही असतो.

मावशीच्या घराला लागून निवृत्त नर्सबाईंचं घर. त्या दुपारी कानातलं यंत्र काढून झोपतात. नळावरून भांडण झाल्यापासून दोन वर्षं दोघींचा अबोला.

मावशीला त्या दिवशी सुट्टी होती. मी ग्रंथालयातूनच तिला फोन लावला. "तिच्या दारात मी पाय ठेवणार नाही," ती म्हणाली.

"मावशी, त्यांची खिडकी तुझ्या खिडकीसारखीच आहे गं. तुझी आता बंद झाली, म्हणजे..."

"बरं बाई, जाते. फोन चालू ठेव."

बेल वाजलेली ऐकू आली. पुन्हा वाजली. "उघडत नाही. मागून बघते." मग चपलांचा आवाज. मग काहीच नाही. मग कुजबुज : "अगं, खिडकीतून पाय लोंबतोय कुणाचा तरी."

"परत फिर! आधी परत फिर तू!"

"ए मेल्या! कोण आहेस रे?" मावशीने बोंब ठोकली. काच फुटली, फोन कुठेतरी आपटला.

त्या शांत वाचनकक्षात मी उभी राहून "मावशी! मावशी!" ओरडत होते. कुणीही गप्प बस म्हणालं नाही. ग्रंथपालबाईंनी टेबलावरच्या फोनवरून पोलिसांना लावलं होतं. "पत्ता सांग." मी घराचा नंबर चुकीचा सांगितला, मग दुरुस्त केला.

चार मिनिटं गेली. मग फोनमधून नर्सबाईंचा आवाज आला, "माझी काच कुणी फोडली?"

"आधी ते यंत्र घाला कानात!" मावशी धापा टाकत होती.



चोर भिंतीवरून पळाला, सापडला नाही. संध्याकाळी मी आणि मावशीने गल्लीतली उरलेली चार घरं गाठली. तिसऱ्याने तोंडावर दार लावलं. चौथ्या घरातल्या आजोबांनी आम्हाला थेट मागच्या खिडकीपाशी नेलं. कडीचे दोन स्क्रू आधीच कुणीतरी बाहेरून सैल करून ठेवले होते.